पंख्यावरच्या चांदण्या कायच्या? वीज वाचवण्याचा कायदा आणि आपला खिसा

माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे, तालुक्याच्या रोडवर. मार्च लागला की दुकानासमोर पंख्यांची लाइन लागते, कोणी सायकलच्या कॅरिअरले बांधून आणते, कोणी मोटरसायकलवर मांडीत धरून. परवा आमच्या गावचे एक काकाजी दोन बंद पडलेले पंखे घेऊन आले, टेबलवर ठेवले अन् म्हणे, "हे भरून दे बाप्पा, पण आधी मले एक सांग. पोट्ट्यानं नागपूरहून नवा पंखा आणला, त्याच्यावर चांदण्या हायेत. ह्या चांदण्या कायच्या? सरकार कायले पंख्यात बोट घालते?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. लोकांना वाटते ती चांदणी म्हणजे कंपनीची जाहिरात. तसं नाही, त्याच्यामागं एक कायदा आहे, आणि मला विचाराल तर गरिबाच्या घरात रोज पैसे वाचवणारा, पण गावात कोणालेच माहीत नसलेला असा हा कायदा आहे. काकाजींना सांगितलं ते सगळं इथं नीट लिहितो.

कायद्याचं नाव ऊर्जा संवर्धन कायदा, २००१. लागू झाला १ मार्च २००२ ला, आणि त्याच दिवशी दिल्लीत बीईई नावाची संस्था उभी राह्यली, ऊर्जा दक्षता ब्युरो. आपल्या महाराष्ट्रात त्याचं काम महाऊर्जा पाहते, तिलेच मेडा म्हणतात. आता नाव ऐकून वाटते की हा कायदा आपल्याला "लाइट बंद करा, पंखा कमी चालवा" असं सांगत असेल. अजिबात नाही. तुम्ही पंखा २४ तास फिरवा, कायदा तुम्हाला काही विचारत नाही. तो विचारते बनवणाऱ्याले, की बाबा रे, एवढा वारा द्यायला तुझा पंखा किती वीज खाते? आणि ठरवलेल्यापेक्षा जास्त खात असेल तर ती वस्तू बनवायची नाही, विकायची नाही, बाहेरून आणायची नाही, असा हुकूम काढायचा अधिकार या कायद्यानं सरकारला दिला आहे. मोडला तर १० लाखांपर्यंत दंड.

आता कोणी म्हणेल, याला कायदा कशाला, लोकं काय अडाणी आहेत का, चांगली वस्तू आपोआप घेतील. नाही घेत हो. घेऊच शकत नाहीत, कारण दुकानात वस्तूची किंमत दिसते, रंग दिसते, वीज किती खाणार ते दिसत नाही. ते महिन्यानं बिलात येते आणि बिलावर फक्त एकूण युनिट असतात, त्यातले पंख्यानं किती खाल्ले, फ्रीजनं किती, हे महावितरणवालाही सांगू शकत नाही. किराण्याच्या दुकानात समजा एकाही वस्तूचा भाव लिहिलेला नाही अन् महिन्याच्या शेवटी फक्त टोटल सांगतात, तर तुम्ही काय काटकसर करणार? तसंच आहे हे.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. वस्तू घेते एक अन् बिल भरते दुसरा. तालुक्याच्या ठिकाणी पोरं शिकायला रूम करून राहतात, पंखा घरमालकानं लावलेला, सगळ्यात स्वस्तातला, बिल भरते पोरगं. एका शाळेत मी पंखे बसवायला गेलो होतो, ठेकेदारानं असे पंखे आणले होते की हातात घेतल्यावरच समजे, पातळ पत्रा, हलकी मोटर. त्याचं काम बिल पास होईस्तोवर, पुढची पंधरा वर्षं वीजबिल शाळेच्या माथी. ठेकेदाराला चांगला पंखा आणायचं कारणच नाही. अशा ठिकाणी बाजार आपोआप सुधरत नाही, तिथं कायदाच लागते, की बाजारात खराब माल येऊच द्यायचा नाही. मंग ठेकेदार असो की घरमालक, त्याने सगळ्यात स्वस्त घेतला तरी तो निदान बरा असते.

चांदण्यांचं लेबल २००६ ला सुरू झालं, तेव्हा मर्जीचा मामला होता, लावायचं तर लावा. जानेवारी २०१० पासून फ्रॉस्ट फ्री फ्रीज, एसी, ट्यूबलाइट आणि वीज वाटपाचे ट्रान्सफॉर्मर म्हणजे आपली डीपी, यांच्यावर सक्तीचं झालं. एलईडी बल्बवर २०१८ ला. आणि छताच्या पंख्यावर सक्ती आली कधी, तर २०२३ मध्ये. एसी किती घरात आहे गावात? पंखा घरोघरी आहे, झोपडीत आहे. तो एवढ्या उशिरा आला याचा मला खरंच राग आहे, मधल्या वर्षांत किती पंखे विकले गेले असतील, ते सगळे अजून फिरूनच राह्यले अन् माझ्याकडं भरायला येऊन राह्यले.

लेबल वाचायचं कसं ते सांगतो. पंख्याचा हिशोब साधा आहे, मिनिटाला किती वारा फेकते भागिले किती वॅट खाते. जेवढा आकडा मोठा तेवढ्या चांदण्या जास्त. फ्रीजवर वर्षाचे युनिट सरळ लिहून असतात, १८० की २५०, तो आकडा बघा, चांदण्यांपेक्षा तो कामाचा, कारण मोठा फ्रीज पाच चांदण्यांचा असूनही छोट्या तीन चांदणीवाल्यापेक्षा जास्त खाऊ शकते. आणि लेबलवर कोणत्या काळासाठी आहे ते लिहिलेलं असते, ते लोकं कधीच पाहत नाहीत. दर काही वर्षांनी निकष कडक होतात, जसा शाळेत वर्ग वाढला की पेपर अवघड होते. काल पाच चांदण्यांची असलेली वस्तू आज चार किंवा तीनच्या लायकीची असते, म्हणून जुना स्टॉक "फाइव्ह स्टार आहे भाऊ" म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर आधी ते वर्ष बघा. ही पद्धत काही आपलीच नाही. तेलाचे भाव भडकल्यावर जपाननं १९७९ ला असा कायदा केला, अन् पुढं १९९८ ला त्यात सुधारणा करून नियम आणला की बाजारातली आज जी सगळ्यात चांगली वस्तू आहे, काही वर्षांनी बाकीच्यांनी तिच्या बरोबरीला यायचं. मला हा विचार लय आवडते.

आता काकाजींचे पंखे. माझ्याकडं वॉटमीटर आहे, प्लगमध्ये लावायचं, त्याच्यात वस्तूची पिन लावायची, आकडा दिसते. काकाजींचा एक पंखा जळका होता, दुसऱ्याचा फक्त कंडेन्सर गेला होता, तो बदलून फुल स्पीडवर लावला. आकडा आला ७८ वॅट. मंग दुकानात माझ्या डोक्यावर आहे तो बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरीचा पंखा लावून दाखवला, २९ वॅट. वारा हातानं बघा म्हटलं. काकाजींनी हात वर धरला, इकडे धरला, तिकडे धरला, म्हणे, "वारा तं सारखाच हाय."

फरक ४९ वॅटचा. आपल्याकडं मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत पंखा थांबत नाही, मे महिन्यात तर रात्रंदिवस. दिवसाचे १६ तास धरा, ८ महिने म्हणजे २४० दिवस. एका पंख्यामागं साधारण १८८ युनिट. हिशोबापुरते ८ रुपये युनिट धरले तरी १५०० रुपये वर्षाला. बीएलडीसी पंखा साध्यापेक्षा हजार-दीड हजारानं महाग पडते, म्हणजे तो फरक एका वर्षात वसूल, नंतरची सगळी वर्षं फायद्याची.

आणि इथं एक बारीक गोष्ट आहे जी बिल हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आपल्या बिलात स्लॅब असतात, १०० युनिटपर्यंत एक रेट, १०१ ते ३०० ला त्याच्यापेक्षा बराच जास्त. वाचलेला युनिट नेहमी वरच्या स्लॅबमधून कमी होते. म्हणजे तुम्ही स्वस्तातला युनिट नाही वाचवत, महागातला वाचवता. म्हणून महिन्याला १३०-१४० युनिट जाळणाऱ्या घरानं दोन पंखे बदलले अन् तो १०० च्या आत आला, तर बिल युनिटांच्या मानानं जास्त उतरते. आपलं बिल काढा, त्याच्यात खालचा रेट अन् वरचा रेट दोन्ही छापलेले असतात, स्वतः पाहा.

बीएलडीसीचं एक खरं सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल गोड गोडच सांगते. त्याच्यात सर्किट बोर्ड असते, बोर्ड गेला की गावात कोणी भरून देऊ शकत नाही, कंपनीकडून मागवावा लागते. वॉरंटी किती वर्षांची ते विचारूनच घ्या आणि पावती सांभाळून ठेवा. पण दुसरीकडं संध्याकाळी आपल्या गावात व्होल्टेज १६०-१७० वर येते तेव्हा साधा पंखा रांगते अन् हा तसाच फिरते. इन्व्हर्टरवरही जवळपास अडीचपट टिकते. पाचच चांदण्यांचा घ्या असंही नाही, परवडत नसेल तर एक-दोन चांदण्यांचा नवा पंखासुद्धा त्या ७८ वॅटवाल्यापेक्षा कमीच खाते. आणि हे मी माझ्या पोटाचा धंदा असून सांगतो, जुना पंखा दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा भरला की तो बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त वीज खाते. कारण जळालेली तार काढताना कोर तापते, तिच्या पत्र्यांवरचं इन्सुलेशन खराब होते. पाचशे रुपये देऊन जुना पंखा भरून घेणं नेहमी स्वस्त नसते.

हे झालं घराचं. आता याच्यात देशाचा फायदा काय, लोडशेडिंगशी संबंध काय, तेही बघू, कारण विदर्भात बसून आपल्याला ते सगळ्यात जवळून दिसते. महाराष्ट्राची बरीचशी वीज बनते कुठं? कोराडी, खापरखेडा, पारस, तिरोडा, आणि चंद्रपूर, एकट्या चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. एक युनिट बनवायला ढोबळमानानं ७०० ग्रॅम कोळसा जळते. वीज तिथून आपल्या घरी येईस्तोवर तारेत, डीपीत काही गळते, समजा १०० तले १५ युनिट गळाले, तर आपल्या घरी १८८ वाचले म्हणजे तिकडं सव्वादोनशेच्या आसपास बनवायचेच वाचले. म्हणजे दीडशे किलो कोळसा, आपल्या भाषेत पन्नास-पन्नास किलोचे तीन कट्टे. आपल्या कोळशात राख लय, एक तृतीयांश तरी धरा, म्हणजे एक कट्टा राख. एका पंख्यामागं, एका वर्षाची. चंद्रपूरकडं ज्यांची सोयरीक आहे त्यांना विचारा, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काय बसते. मुंबई-पुण्याच्या एसीची राखही आपल्याच अंगणात पडते, म्हणून एसीवाल्यांसाठी जो नियम आहे, २०२० पासून स्टारवाला प्रत्येक नवा एसी चालू केला की आपोआप २४ डिग्रीवर सुरू व्हायला पाहिजे, त्याचा फायदा ज्याच्या घरात एसी नाही त्यालेही आहे.

सरकारचा पैसा कसा वाचते तेही सोपं आहे. संध्याकाळी ७ ते १० सगळे एकदमच दिवे-पंखे लावतात, तेवढ्या तीन तासांसाठी प्लांट उभा ठेवावा लागते, तारा जाड ठेवाव्या लागतात, नाहीतर महागाची वीज बाहेरून घ्यावी लागते. हे सगळं शेवटी रेटमध्ये येते. एलईडीचं उदाहरण घ्या. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी ९ वॅटचा एलईडी. सुरुवातीला एलईडी एवढा महाग होता की गावात कोणी हात लावत नव्हतं, सरकारी खरेदीतच २०१४ ला ३१० रुपयाला पडत होता. मंग जानेवारी २०१५ ला उजाला योजना आली, ईईएसएल या सरकारी कंपनीनं कोटीच्या हिशोबानं एकगठ्ठा टेंडर काढले, अन् २०१६ ला सरकारी खरेदीतला बल्ब ३८ रुपयावर आला. ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले त्यांनी. बल्बवर सूट देऊन भाव पाडला नाही, मागणी गोळा करून पाडला, ही खरी हुशारी. कायदा आला की वस्तू महाग होते ही जी ओरड असते ना, ती पहिल्या वर्ष-दोन वर्षांसाठी खरी असते, नंतर सगळेच कारखाने तोच माल बनवतात मंग भाव उतरते. पण ते पहिलं वर्ष गरिबाला जड जाते, हे मी दुकानात रोज पाहतो, आणि तिथं सरकारनं उजालासारखं पंख्याचंही करायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

कारखान्यांसाठी याच कायद्यात वेगळी व्यवस्था आहे. पॅट म्हणतात तिला. मोठे वीज-कोळसा खाणारे कारखाने निवडले, प्रत्येकाला सांगितलं की एक टन माल बनवायला आज तू एवढी ऊर्जा खातो, तीन वर्षांत एवढी कमी कर. २०१२ ते २०१५ च्या पहिल्या फेरीत ८ उद्योगांतले ४७८ कारखाने होते, त्यात औष्णिक वीज, सिमेंट, कागद हे तीनही होते, आणि हे तीनही आपल्या एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेत, बल्लारपूरचा कागद, गडचांदूरकडचं सिमेंट. टार्गेट होतं ६६.८६ लाख टन तेलाएवढी ऊर्जा वाचवायचं, वाचली ८६.७ लाख टन. एक टन तेल म्हणजे ११,६३० युनिटांएवढी ऊर्जा. ज्यानं टार्गेटपेक्षा जास्त वाचवलं त्याला सर्टिफिकेट, ज्याला नाही जमलं त्यानं ते विकत घ्यायचं. याचा अर्थ वाचवलेल्या विजेलाही भाव आला, कापसासारखा. २०२२ मध्ये कायद्यात बदल झाला, १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे, त्यात याच रस्त्यानं कार्बन क्रेडिटचा, म्हणजे कमी कार्बन सोडल्याच्या सर्टिफिकेटचा बाजार आणला आहे.

पण आता खरी दुखरी जागा, शेतातला पंप. इथं मी जरा वेळ घेतो.

काकाजी निघताना म्हणाले, "घरचं समजलं, पण वावरातल्या मोटरीचं तं बिलच नाही, मंग कायले वाचवू?" खरं आहे. एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे, मार्च २०२९ पर्यंत. ज्याचं बिल नाही त्याची बचत कोणाला दिसणार? त्यात पंपावर स्टारचं लेबल असलं तरी ते बराच काळ ऐच्छिकच राह्यलं. म्हणून शेतकरी दुकानात एचपी विचारते आणि भाव विचारते, तिसरं काही नाही.

आता बघा. ५ एचपीची मोटर तासाला साडेचार युनिटच्या वरच खाते, ८ तास चालली तर ३६-३७ युनिट, म्हणजे एका घराचं आठ-दहा दिवसांचं एका दिवसात. जुन्या पंपात १०० युनिट घातले तर पाणी उचलायच्या कामी येतात ३० च्या आसपास, बाकी तापण्यात, घासण्यात, बारीक पाइपातून ढकलण्यात जातात. चांगला पंप, जाड पाइप, साफ फुटव्हॉल्व्ह असला तर तेवढंच पाणी ६० युनिटांत येते. म्हणजे रोजचे १५ युनिट. हरभरा-गव्हाच्या अन् उन्हाळी पिकाच्या १२० दिवसांत १८०० युनिट. एक पंप बदलला की जवळपास दहा पंख्यांची बचत. आणि ही वीज फुकट नाही हो, तिचे पैसे सरकार महावितरणला देते, म्हणजे आपल्याच टॅक्समधून. आणि काही भाग दालमिल, जिनिंग, राइस मिल यांच्या महाग बिलातून निघत आलेला आहे. अकोल्याची दालमिल महाग वीज घेते म्हणजे ती तुरीला भाव कमी देणार, फिरून आपल्याच वावरात येते ते.

अन् शेतकऱ्याचा स्वतःचा तोटा वेगळाच. डीपीवर समजा १२ मोटरी आहेत, सगळ्या जुन्या, गरजेपेक्षा मोठ्या. रब्बीत सगळ्या एकदम चालू. व्होल्टेज पडते, मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते. मागच्या डिसेंबरात एका वावरात गेलो, करंट मोजायचं क्लॅम्प मीटर लावलं, ७ अँपिअरच्या मोटरीत ११ दाखवे, व्होल्टेज ४१५ च्या जागी ३२०. मोटरीच्या बॉडीवर हात ठेववत नव्हता. चार दिवसांनी तीच मोटर ट्रॅक्टरवर टाकून माझ्याकडं आली, वार्निश जळाल्याचा वास आणि आतली तार काळी ठिक्कर. भरायला हजारो रुपये, विहिरीतून काढायची मजुरी वेगळी, आणि ते चार-पाच दिवस हरभऱ्याला पाणी नाही, नेमकं फुलावर आलेला असताना. डीपी जळाली तर तिची वाट बघण्यात पंधरा दिवसही जातात. मोफत विजेचं हे बिल आहे, फक्त ते महावितरणच्या कागदावर येत नाही, ते माझ्या दुकानाच्या पावतीवर येते. त्या १२ मोटरींपैकी निम्म्या जरी चांगल्या झाल्या तरी त्याच डीपीवर सगळ्यांना व्होल्टेज भेटेल, नवी डीपी न मागता.

यावर उपाय माहीतच नाही असं नाही. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला हा प्रयोग पथदर्शी म्हणून घेतला होता, जुने पंप काढून शेतकऱ्याला स्टारवाले पंप द्यायचे, आणि वीज वाचून सबसिडीचे जे पैसे वाचतील त्यातून पंपाचे पैसे वसूल करायचे. शेतकऱ्याचा खर्च नाही, सरकारचाही शेवटी नाही. हे आमच्या यवतमाळात, वाशिमात, बुलडाण्यात गावोगावी का होऊ नये? सोलर पंप देऊन राह्यले, चांगलंच आहे, पण तिथंही पंप चांगला असला तर तेवढंच पाणी कमी पॅनलमध्ये निघते, कमी उन्हातही निघते.

एक आक्षेप मला नेहमी ऐकायला येते, की वीज स्वस्त पडली की लोकं जास्तच वापरतील, मंग वाचलं काय? थोडं होतेही तसं. पूर्वी बिलाच्या धाकानं म्हातारी माय रात्री पंखा बंद करून ओसरीत पाणी शिंपडून झोपत होती, आता रात्रभर लावते, म्हणून बिल काही उतरलं नाही. पण ४५-४६ डिग्रीच्या दिवसानंतर ती रात्री झोपली ना. मी त्याला तोटा धरत नाही.

काकाजींचा चालता पंखा मी कंडेन्सर टाकून परत दिला, तो ते गोठ्यात लावणार आहेत दुपारपुरता. जळालेला भरू नका म्हटलं. त्याचं तांबं काढून वजन करून पैसे हातात दिले, बाकी पत्रा भंगारात. जाता जाता त्यांनी मोटरीच्या नेमप्लेटचा फोटो काढायला पोट्ट्याला फोन लावला, म्हणे, "वावरातल्या विहिरीवरची काढ, अन् पाइप किती इंची हाय तेही मोज."